वसतिगृहाची शिस्त : बरोबरीची की ताबेदारीची?

विद्यापीठांचे प्रवेश सुरू झाले की खेड्यापाड्यांतील आणि वस्त्यांमधील हजारो मुले-मुली गादी, बादली आणि आईने बांधून दिलेला चटणीचा डबा घेऊन वसतिगृहाच्या दारात उभी राहतात. कार्यालयातील कारकून त्यांच्यापुढे एक छापील हमीपत्र सरकवतो आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवतो. मुलगा सही करतो. रांगेत मागे पन्नास जण उभे असतात, मग वाचणार कधी? आत गेल्यावर त्याला कळते की नियमांची आणखी एक यादी आहे आणि ती कुठेच छापलेली नाही. सिनियर दिसला की उठून उभे राहायचे. मेसमध्ये अमुक टेबलावर बसायचे नाही. नाव सांगितले की आडनावही सांगायचे आणि आडनावावरून समजले नाही तर प्रवेश कोणत्या यादीतून मिळाला तेही सांगायचे.

या दोन याद्यांमध्ये वसतिगृहाच्या शिस्तीचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. छापील यादी बहुतेक वेळा रेक्टरच्या सोयीची असते आणि न छापलेली यादी आधीपासून तिथे ठाण मांडून बसलेल्यांच्या सोयीची असते. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला या दोन्हींबद्दल कोणी विचारलेले नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, वसतिगृहाला नियम हवेत आणि ते कडकपणे पाळलेही जायला हवेत. पण तो नियम लेखी असावा, त्याला कारण असावे, तो सर्वांना सारखा असावा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. या चार कसोट्यांवर न टिकणारी शिस्त ही ताबेदारी होय.

हा विषय काहींना किरकोळ वाटेल. रात्री दहाला दार बंद व्हावे की अकराला, यावर आंबेडकरी चळवळीने वेळ का घालवावा, असेही कोणी विचारील. त्यांना आम्ही इतिहासाची आठवण करून देऊ इच्छितो. बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी वसतिगृहांचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ साली सोलापूरला सुरू केलेले वसतिगृह. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहांतून आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारातून लेखक, कार्यकर्ते आणि अधिकाऱ्यांची एक पिढी घडली. १९७२ साली जन्मलेल्या दलित पँथरच्या कितीतरी चर्चा सिद्धार्थ विहाराच्या खोल्यांमध्ये रंगल्या. शाळेचे दार उघडले तरी राहायला छप्पर आणि दोन वेळचे जेवण नसेल तर आपला मुलगा शिकू शकत नाही, हे या सर्वांनी ओळखले होते.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातील दोन मुक्काम शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सुरुवातीचे काही दिवस ते विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर त्यांचा मुक्काम होता. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९१७ साली तेच बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांना कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत त्यांनी कसाबसा आसरा घेतला. पण त्यांची जात कळताच हातात काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले आणि त्यांना सामान उचलून बाहेर पडावे लागले. न्यूयॉर्कमध्ये जीव लावणारा मित्र पारशी होता आणि बडोद्यात काठी घेऊन आलेलेही पारशीच होते. फरक होता तो घराच्या नियमाचा. एका घरात प्रवेश घेतलेला प्रत्येक विद्यार्थी समान हा नियम होता आणि दुसऱ्या घरात विटाळ हा नियम होता. घराचा नियम माणसांना कसे वागायला लावतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

म्हणूनच वसतिगृहात भेदभाव करणे हा आपल्या देशात गुन्हा ठरवण्यात आला आहे. वकिली करताना आमच्या असे लक्षात आले आहे की, ही तरतूद आपल्या विद्यार्थ्यांना सोडाच, बहुतेक रेक्टरांनाही ठाऊक नसते. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ५ मध्ये वसतिगृहाचा स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून लोकांसाठी चालवलेल्या वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे आणि प्रवेश दिल्यानंतर भेदभाव करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कारावास आणि दंड. शिवाय कलम १२ नुसार, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. 'प्रवेश दिल्यानंतर' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. खोली मिळाली म्हणजे हक्क संपला असे नाही, खरा हक्क तिथून सुरू होतो.

आजचा भेदभाव मात्र 'तू अस्पृश्य आहेस' असे म्हणत समोर येत नाही. तो स्वच्छतेच्या, आहाराच्या, गुणवत्तेच्या भाषेत बोलतो. दिल्लीच्या एम्स या नामवंत संस्थेतील तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. २००७ साली तिचा अहवाल आला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी छळाला कंटाळून काही ठराविक वसतिगृहांच्या वरच्या मजल्यांवर एकवटले होते, हे त्यात नोंदले गेले. त्यांना वेगळे ठेवा असा आदेश कुठल्याही रेक्टरने काढला नव्हता. न छापलेल्या यादीनेच ते काम केले होते. गावकुसाबाहेरचा वाडा विद्यापीठात वरच्या मजल्यावर गेला, इतकेच.

मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली काय घडले तेही आठवावे. वसतिगृहाच्या उपाहारगृहात 'येथे फक्त शाकाहारींनी बसावे' अशा आशयाचे फलक लागले. विद्यार्थ्यांनी विरोध केला. त्यानंतर मेसमधील सहा टेबले अधिकृतपणे शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली आणि याचा निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. काहीजण म्हणतात, यात जात कुठे आली? शाकाहारी मुलांच्या भावनांचा आदर करायला नको का? जरूर करावा. शाकाहारी विद्यार्थ्याचे अन्न वेगळ्या भांड्यात शिजावे, त्याच्या भाजीत मटणाचा डाव जाऊ नये, हा त्याचा हक्कच आहे आणि तो जपणे हे मेस चालवणाऱ्याचे काम आहे. पण शेजारी बसलेल्याच्या ताटाकडे पाहून ज्याला जेवण जात नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्याला उठवणे हा सौजन्याचा नियम होऊ शकत नाही. भांडे वेगळे ठेवणे ही सोय झाली. माणूस वेगळा बसवणे ही पंगत झाली. पंगतीचे राजकारण काय असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारावे लागत नव्हते, ते उघड्या डोळ्यांनी पाहत होते.

दुसरा प्रश्न रॅगिंगचा. नव्या मुलांना 'शिष्टाचार शिकवणे' या गोंडस नावाखाली हा प्रकार चालतो. सिनियरशी बोलताना स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे पाहायचे, म्हणजे मान आपोआप खाली राहते. ही मान खाली घालण्याची कला आपल्या समाजाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. ती विसरण्यासाठी तर आपण विद्यापीठात आलो. महाराष्ट्राने १९९९ सालीच रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत त्याला प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे आणि त्याने ती टाळली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी रॅगिंगविरोधी समिती आणि पथक सक्तीचे केले आणि २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, प्रदेश, लिंग यांच्या आधारे त्रास देणे किंवा वाळीत टाकणे हेही रॅगिंगच्या व्याख्येत आणले. तरीही २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील लेकीने आपले जीवन संपवले आणि तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीय छळाच्या आरोपाखाली दोषारोपपत्र दाखल झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा बळी गेला. कायदा कागदावर भक्कम आहे. पण तक्रारीचा कागद रेक्टरच्या टेबलावर सात दिवसांऐवजी सात महिने पडून राहतो, हे दुखणे आहे.

तिसरा प्रश्न अधिकाऱ्यांच्या शिस्तीचा. वसतिगृहातून काढून टाकणे ही आपल्या विद्यार्थ्यासाठी केवळ खोली सोडण्याची शिक्षा नसते. ज्याच्या बापाला शहरात भाड्याची खोली परवडत नाही, त्याच्यासाठी ती शिक्षण सोडण्याचीच शिक्षा असते. हैदराबाद विद्यापीठाने डिसेंबर २०१५ मध्ये पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढले. त्यांनी आवारातच उघड्यावर मुक्काम ठोकला आणि त्या जागेला 'वेलीवाडा', म्हणजे गावाबाहेरची अस्पृश्यांची वस्ती, असे नाव दिले. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांच्यातील रोहित वेमुला आपल्यातून निघून गेला. वसतिगृहाच्या दंडाचे वजन किती असते, हे ज्यांना अजून समजले नाही त्यांनी तो वेलीवाडा डोळ्यांसमोर आणावा.

न्यायालयांनी या बाबतीत काही वाटा दाखवल्या आहेत. केरळमध्ये मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मोबाईल जमा करण्याची सक्ती होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती नाकारली म्हणून तिला वसतिगृहातून काढले गेले. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. शिस्तीच्या नावाखाली वाटेल तो नियम करता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. याची दुसरी बाजूही आहे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले. चौकशी समितीने मुलींचे जबाब आरोपींच्या गैरहजेरीत घेतले. आम्हाला उलटतपासणीची संधी मिळाली नाही, अशी ओरड त्या विद्यार्थ्यांनी केली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. आरोप कळवला, बाजू मांडायची संधी दिली. भेदरलेल्या मुलींना गुंडांसमोर उभे केलेच पाहिजे असे नैसर्गिक न्याय सांगत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे नैसर्गिक न्याय हा दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे, दांडगाईला पळवाट देण्यासाठी नाही. मुलींच्या वसतिगृहांचे दार मात्र मुलांच्या आधी दोन-तीन तास बंद होते. ज्यांच्यामुळे धोका आहे ते बाहेर मोकळे आणि ज्यांना धोका आहे त्या कुलपात, हा कुठला न्याय? ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडे असेल तर मुलीलाही तिथे अकरापर्यंत बसता आले पाहिजे.

येथपर्यंत वाचून आपले विद्यार्थी खूश झाले असतील. आता त्यांना कडू वाटेल असे दोन शब्द. हक्काच्या चार कसोट्या आपण प्रशासनाला लावतो, तशा स्वतःलाही लावल्या पाहिजेत. वसतिगृहात नाव नसताना वर्षानुवर्षे खोली अडवून बसणाऱ्याला विद्यार्थीच 'पॅरासाइट' म्हणतात. एखादा गरजू मित्र आठ दिवस राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही. पण शिक्षण संपून तीन वर्षे झालेला 'नेता' खाट सोडत नाही, तेव्हा तो ज्याची जागा खातो तो बहुधा आपल्याच समाजातला, यवतमाळ किंवा नंदुरबारहून आलेला, प्रतीक्षा यादीत अडकलेला मुलगा असतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली हे खरे; पण तिच्या हप्त्याची वाट पाहत भाडे थकवणारी मुले आम्ही पाहतो. म्हणून पात्रता संपताच खोली रिकामी करणे हे सौजन्य नव्हे, ते समाजाचे देणे आहे.

तीच गोष्ट आवाजाची. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री बाराला जल्लोष व्हावा, पण बारा वाजून गेल्यावरही डीजे वाजत राहिला आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाची सकाळी परीक्षा असली, तर अठरा तास अभ्यास करणाऱ्या महापुरुषाची ती जयंती कशी म्हणायची? मेसचे बिल थकवून 'आम्ही चळवळीचे' म्हणून दम भरणे, ग्रंथालयाची पुस्तके खोलीत दडवणे, ताटात अन्न टाकून उठणे हे प्रकार चळवळीला शोभत नाहीत. आणि संडास-बाथरूम घाण करून जाणाऱ्याने क्षणभर विचार करावा की उद्या सकाळी ते साफ करायला कोण येणार आहे. ती मावशी बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतून येते. तिला नावाने नव्हे तर मावशी म्हणून हाक मारणे एवढ्यावर सौजन्य भागत नाही. तिच्या हाताला आपली घाण लागू न देणे हे खरे सौजन्य.

एकत्र राहण्याची ही रीत आपल्याला परक्यांकडून उसनी घ्यायची नाही. तिपिटकात अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल या तीन भिक्खूंची गोष्ट येते. ते गोसिंग सालवनात एकत्र राहत. भगवान बुद्धांनी त्यांना विचारले, तुम्ही सलोख्याने राहता ना? तेव्हा त्यांनी आपली दिनचर्या सांगितली. भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो आसने उचलतो, भांडी धुतो, जागा झाडतो. पाण्याचा रिकामा घडा ज्याला दिसेल तो भरतो आणि एकट्याला उचलत नसेल तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलावतो. त्यांच्यात सिनियर-ज्युनियर नव्हते. आधी आलेला आणि नंतर आलेला एवढाच फरक होता आणि कामही त्यावरच ठरत होते. विनयपिटकातील दुसरी कथा आजारी भिक्खूची आहे. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. मग संघाला बोलावून समजावले की, इथे तुमची काळजी घ्यायला आई-वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? घरापासून चारशे किलोमीटरवर तापाने फणफणलेल्या रूममेटच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येक मुलाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. चार-चार दिवस कोणाच्या खोलीचे दार उघडत नसेल, तर ते ठोठावणे हासुद्धा वसतिगृहाचा नियमच समजावा.

आता करायचे काय? प्रवेशाच्या दिवशी नियमावलीची प्रत मागून घ्या, वाचा आणि मगच सही करा. मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करा. तक्रार तोंडी कधीच करू नका. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. जातीवाचक शिवीगाळ झाली तर ती कुठे झाली आणि कोणासमोर झाली हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या त्या कलमासाठी घटना लोकांच्या नजरेसमोर घडणे आवश्यक असते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. मेसमधील, व्हरांड्यातील साक्षीदार म्हणूनच मोलाचे. आयोगाच्या २०१२ च्या समतेबाबतच्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले आहे. जानेवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या विनियमांना त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणून तर २०१२ चे विनियम काय सांगतात, हे प्रत्येक विद्यार्थी संघटनेने पाठ करून ठेवले पाहिजे.

विद्यापीठांकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नियमावली मराठीत छापा आणि पहिल्या दिवशी सर्वांसमोर वाचून दाखवा. वसतिगृह समितीत आणि मेस समितीत मागासवर्गीय विद्यार्थ्यांचे व मुलींचे प्रतिनिधी घ्या. खोल्यांचे वाटप सोडतीने करा, म्हणजे जातीचे मजले तयार होणार नाहीत. लेखी नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि अपील यांच्याशिवाय कोणालाही वसतिगृहातून काढू नका आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याची खाट हलवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या खोलीत तुम्ही आज राहत आहात तिचे भाडे तुमच्या आधीच्या तीन पिढ्यांनी चुकते केले आहे. त्या खोलीत मान ताठ ठेवून राहा, पण शेजाऱ्याच्या झोपेचा, अभ्यासाचा आणि ताटाचाही मान ठेवा. कोणाची ताबेदारी करू नका आणि उद्या तुम्ही सिनियर व्हाल तेव्हा कोणाकडून ताबेदारी करवून घेऊ नका. पाण्याचा रिकामा घडा दिसला तर तो कोणाच्या पाळीचा आहे हे न विचारता भरून ठेवा. ज्या समाजाला पाण्याला हात लावण्यासाठी महाडला जावे लागले, त्या समाजाच्या मुलांना याहून अधिक काय सांगावे?

जयभीम!